शेवटच्या सत्रातले सिंहावलोकन: केलेल्या अभ्यासाचा हिशेब आणि पुढची आखणी

'या वर्षांनी मला खूप काही शिकवले' हे वाक्य अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मनोगतांत मी इतक्या वेळा वाचले आहे की, ते दिसले की समासात 'काय शिकवले?' एवढाच प्रश्न लिहून मी कागद परत करते. विद्यार्थ्यापाशी उत्तर नसते असे मुळीच नाही. ते असते, पण कच्च्या वह्यांत, तपासून परत आलेल्या निबंधांत, अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांत आणि मैत्रिणीला समजावून सांगताना स्वतःलाच उमगलेल्या एखाद्या संकल्पनेत विखुरलेले असते. पदवीच्या अखेरीस मागे वळून पाहायचे म्हणजे हे उत्तर वेचून एका जागी आणायचे, आणि पुढे काय करायचे याचा निर्णय त्या वेचलेल्या उत्तराच्या आधाराने घ्यायचा. हे काम कसे करावे, त्याला किती वेळ द्यावा आणि त्यात फसगत कुठे होते, ते येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

या कामाला आपल्या भाषेत सिंहावलोकन असा नेमका शब्द आहे. सिंह चालता चालता मध्येच थांबतो, मान वळवून आलेली वाट पाहतो आणि पुन्हा चालू लागतो, अशी त्यामागची कल्पना आहे. गुहेत पोहोचल्यावर निवांत बसून काढलेल्या आठवणींना तो शब्द लागू पडत नाही. म्हणून निकाल हातात पडेपर्यंत थांबू नका. शेवटचे सत्र संपायला साधारण दोन महिने असताना सुरुवात केली, तर वह्या अजून जागेवर असतात, शिक्षक भेटू शकतात, सोबतचे विद्यार्थी पांगलेले नसतात आणि निकालाचा एकच आकडा सगळ्या वर्षांचा अर्थ ठरवून मोकळा झालेला नसतो. सर्व मिळून दोन-दोन तासांच्या चार बैठका पुरतात. त्या सलग न घेता आठवड्याला एक अशा घ्याव्यात, कारण दोन बैठकांच्या मध्ये जे आठवते ते बरेचदा बैठकीत आठवलेल्यापेक्षा मोलाचे असते.

आधी कागद, मग आठवण

पहिल्या बैठकीत स्वतःचे असे काहीही लिहू नका. फक्त गोळा करा. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, शिक्षकांच्या शेऱ्यांसह परत मिळालेले निबंध आणि अहवाल, प्रयोगांच्या किंवा क्षेत्रभेटींच्या वह्या, प्रकल्पाचे टाकून दिलेले मसुदे, मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार हे सर्व सत्रवार लावा. त्यांच्या जोडीला ज्या गोष्टींना कोणी गुण दिले नाहीत त्याही ठेवा: भित्तिपत्रकासाठी लिहिलेला मजकूर, खालच्या वर्गातल्या कोणाला शिकवताना काढलेली टिपणे, सुटीत केलेल्या कामाच्या नोंदी. गुणपत्रिका तुम्ही कुठे पोहोचलात ते सांगते, तर हे बिनगुणांचे कागद तुम्ही आपण होऊन कोणत्या वाटेला गेलात ते सांगतात, आणि पुढची आखणी करताना हे दुसरेच अधिक उपयोगी पडते.

एवढा खटाटोप कशासाठी, सगळे आठवते की, असे अनेकांना वाटते. पण आठवणीला स्वतःची बाजू असते. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपल्या माध्यमिक शाळेतील श्रेणी आठवून लिहायला सांगितल्या होत्या आणि ती उत्तरे शाळेच्या दप्तरातील नोंदींशी ताडून पाहिली होती. सर्वांत वरची 'ए' श्रेणी विद्यार्थ्यांना ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, मात्र खालची 'डी' श्रेणी अवघी २९ टक्के वेळा, आणि चुकीच्या आठवणींपैकी बहुतेक मूळ श्रेणीपेक्षा वरच्या होत्या. यात कोणी खोटे बोलत नव्हते. जे मनाला लागले होते ते मनाने हळूच बदलून ठेवले होते, इतकेच. श्रेणीसारख्या लेखी आणि स्पष्ट गोष्टीचे जर असे होते, तर 'मला तो विषय कधी जमलाच नाही' किंवा 'प्रकल्प मीच पूर्ण केला' यांसारख्या आठवणींवर पुढच्या काही वर्षांची इमारत उभी करणे किती जोखमीचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

कागद लागले की शिक्षकांचे शेरे एका पानावर उतरवून काढा, चांगले आणि वाईट दोन्ही, जसेच्या तसे. 'मुद्दे चांगले, मांडणी विस्कळीत' हा शेरा एका शिक्षकाने एकदा लिहिला असेल तर तो त्या निबंधापुरता. पण तीन वेगवेगळ्या विषयांच्या तीन शिक्षकांनी तीन वर्षांत तेच लिहिले असेल, तर तुमच्या कामाच्या सवयीविषयीची ती अत्यंत विश्वासार्ह माहिती आहे आणि ती फुकट मिळालेली आहे.

रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण मी नेहमी देते. ती अंतिम वर्षात माझ्यासमोर बसून ठामपणे म्हणाली, 'मॅडम, प्रयोगशाळा माझ्यासाठी नाही, दुसऱ्या वर्षीच कळले.' मी तिला दुसऱ्या वर्षाची जर्नल आणायला सांगितली. तिने पक्की आणि कच्ची अशा दोन्ही वह्या आणल्या. पक्क्या वहीत अनुमापनाच्या, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून मोजमाप करण्याच्या, एका प्रयोगाला दहापैकी पाच गुण होते आणि खाली लाल शाईत 'उशिरा सादर' असे लिहिले होते. कच्च्या वहीत मात्र त्याच प्रयोगाचे पाऊण पान खोडलेले होते: १८.९, १८.३, १८.७ मिलिलिटर, तिन्हींवर आडवी रेघ, आणि बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'ब्युरेटच्या टोकाला हवेचा बुडबुडा. आधीची सर्व रीडिंग रद्द.' (ब्युरेट म्हणजे द्रावण मोजून सोडण्याची खुणा असलेली काचेची नळी.) त्याखाली १८.२, १८.२, १८.१ अशा एकमेकांशी जुळणाऱ्या तीन नोंदी होत्या. प्रॅक्टिकलचा तास संपल्यावर प्रयोगशाळेतील काकांना विनंती करून ती अर्धा तास जास्त थांबली होती, हे तिला ते पान पाहिल्यावर आठवले. तोपर्यंत तिच्या लक्षात राहिले होते ते पाच गुण. त्या पानावरून दोन वेगळी सत्ये निघत होती: चूक कुठे शिरली ते शोधून काढेपर्यंत ही मुलगी जागची हलत नाही, आणि झालेले काम ठरल्या वेळेत पक्के लिहून देणे तिला जमत नाही. 'प्रयोगशाळा माझ्यासाठी नाही' या वाक्याने ही दोन्ही सत्ये झाकून टाकली होती.

शेवटच्या महिन्यांचा रंग

कागद असले तरी ते पाहणारा डोळा आजचा असतो आणि आज तुम्ही दमलेले आहात, किंवा निरोपाच्या तयारीत हळवे झालेले आहात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या थंड पाण्यात मिनिटभर हात बुडवायला सांगितले, आणि दुसऱ्यांदा तेच मिनिट पूर्ण करून आणखी ३० सेकंद हात तसाच ठेवायला सांगितले. त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत म्हणजे किंचित कमी गार होत गेले. नंतर यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी दुसरा, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेला, अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. शेवट संपूर्ण अनुभवावर आपला रंग चढवतो, हे पदवीच्या वर्षांनाही तंतोतंत लागू पडते. शेवटच्या सत्रात प्रकल्प फसला म्हणून सगळे शिक्षणच वाया गेले असे वाटते, आणि शेवटी एखादे बक्षीस मिळाले तर मधली दोन कंटाळवाणी वर्षे विसरली जातात.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक सत्राला एकसारख्या आकाराचे एकच पान द्या आणि पहिल्या सत्रापासून क्रमाने लिहा. चौथ्या सत्राबद्दल लिहिण्यासारखे काही नाही असे वाटले तरी पान रिकामे सोडू नका. त्या सत्रात कंटाळा आला असेल तर तो कशाचा होता ते लिहा. कंटाळ्याची नोंद बहुतेकांच्या सिंहावलोकनात नसते आणि ती नसल्यामुळे, ज्या कामाचा वर्षभर कंटाळा केला तेच काम पुढे आयुष्यभरासाठी पत्करल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

विषय वेगळा, काम वेगळे

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि दुसरी बैठक पूर्णपणे त्याला द्यावी. 'मला मानसशास्त्र आवडते' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा तिला नेमके काय आवडते हे त्या वाक्यातून कळत नाही. मानसशास्त्राच्या अभ्यासात माणसांचे ऐकून घेणे असते, प्रश्नावली तयार करणे असते, शेकडो उत्तरांची संख्याशास्त्रीय छाननी असते, जुने सिद्धान्त वाचून त्यांतील विसंगती शोधणे असते आणि अहवाल लिहिणे असते. यांपैकी छाननी आवडणाऱ्या मुलीला आपली आवड दुसऱ्या कितीतरी क्षेत्रांत नेता येईल, आणि केवळ ऐकून घेणे आवडणाऱ्या मुलीला त्याच विषयातील पुढील संशोधनाचा अभ्यासक्रम जड जाईल. विषयाचे नाव पदवीवर छापले जाते, पण रोजचा दिवस कामाने भरलेला असतो.

म्हणून एका कोऱ्या कागदावर प्रत्येक विषयासमोर केवळ क्रियापदे लिहा. मी मोजले, पाठ केले, जुळवले, खोडले, समजावले, भाषांतर केले, चित्र काढले, भांडण मिटवले, वाट पाहिली. नामे लिहिण्याचा मोह आवरा. 'नेतृत्व', 'संवादकौशल्य', 'व्यवस्थापन' या शब्दांमागे काय घडले ते दिसत नाही. क्रियापदांची यादी झाली की प्रत्येकापुढे खूण करा: कोणी न सांगता केलेल्या कामाला एक खूण, शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकललेल्या कामाला दुसरी, आणि अवघड असूनही ज्यात वेळ कसा गेला ते कळले नाही त्याला तिसरी. या तिसऱ्या खुणेच्या कामांकडे सर्वाधिक लक्ष द्या. सोपे वाटले म्हणून आवडलेले आणि अवघड असूनही सोडून न दिलेले यांत मोठा फरक आहे. पहिले काम पुढच्या पायरीवर अवघड झाले की आवड ओसरते, दुसऱ्याची तशी भीती नसते.

येथे आणखी एक गल्लत होते. आवडत्या शिक्षकामुळे विषय आवडू लागतो, आणि त्यात वावगे काहीच नाही, कारण अनेकांच्या वाटा अशाच सुरू होतात. परंतु त्या शिक्षकाचा तास बंद झाल्यानंतर त्या विषयातले एक तरी पान तुम्ही आपण होऊन वाचले का, हे तपासा. वाचले असेल तर आवड तुमची झाली आहे. वाचले नसेल, तर तुम्हाला त्या माणसाची शिकवण्याची पद्धत आवडली होती, आणि कदाचित शिकवणे हेच तुमचे काम असू शकेल, ही शक्यताही तपासून पाहण्यासारखी आहे.

अपयशाबद्दल लिहिताना शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेला क्रम उपयोगी पडतो, कारण त्यात घडलेल्या गोष्टीचे वर्णन, त्या वेळच्या भावना, चांगल्या-वाईटाचे मूल्यमापन, कारणांचे विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती अशा सहा पायऱ्या सुट्या ठेवलेल्या आहेत. बहुतेक विद्यार्थी पहिली पायरी दोन ओळींत उरकतात, दुसरीवर रेंगाळतात आणि थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात: 'नापास झालो, फार वाईट वाटले, आता जोमाने अभ्यास करीन.' या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी वर्णनाला अर्धे पान द्या. परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत रोज काय केले, कोणता धडा उघडलाच नाही, प्रश्नपत्रिकेतील कोणत्या प्रश्नाशी आधी अडलो आणि किती वेळ अडलो, हे लिहिता लिहिता कारण आपोआप वर येते. घरात आजारपण होते, कामावर जावे लागत होते, शिकवण्याची भाषा समजत नव्हती, अशीही कारणे निघतात, आणि ती सबबी म्हणून न पाहता परिस्थिती म्हणून नोंदवावीत, कारण पुढची आखणी त्याच परिस्थितीत करायची आहे.

लिहायचे कसे

तिसऱ्या बैठकीत सलग लेखन करा. दोन पाने पुरेत. हा मजकूर कोणासाठी आहे ते आधी ठरवा, कारण स्वतःसाठी ठेवायचा कागद आणि निवड समितीला द्यायचा कागद यांत सांगण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात. तरीही पहिला मसुदा नेहमी स्वतःसाठीच लिहावा आणि त्यातून दुसरा काढावा, उलट केले तर खरे कधीच कागदावर येत नाही.

वाक्य कसे सुधारते ते एका उदाहरणातून पाहू. एका विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्यात 'गटप्रकल्पातून मला संघभावना आणि नियोजनाचे महत्त्व समजले' असे होते. चार वेळा प्रश्न विचारल्यावर त्याच जागी पुढील मजकूर आला: 'आमच्या पाच जणांच्या गटाने सर्वेक्षणाचे १२० अर्ज गोळा केले, पण त्यांतील ३१ अर्धवट भरलेले निघाले, कारण आठवा प्रश्न लोकांना कळलाच नव्हता. तो प्रश्न मी लिहिला होता. तो बदलून आम्ही त्या ३१ जणांकडे पुन्हा गेलो आणि १९ जणांनी अर्ज पूर्ण करून दिले. त्यानंतर प्रश्नावली छापण्याआधी ती तीन अनोळखी माणसांकडून भरून घ्यायची, असा नियम मी स्वतःसाठी केला.' या मजकुरात संघभावना हा शब्द कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला हा मुलगा कसा काम करतो ते पुरते कळते. संख्या, आपली चूक, दुरुस्ती आणि त्यातून बदललेली सवय या गोष्टी आल्या की परिच्छेद आपोआप उभा राहतो. गटाने केलेले आणि आपण केलेले यांतील सीमा मात्र प्रामाणिकपणे ओढा. 'आम्ही' आणि 'मी' हे दोन शब्द जागच्या जागी वापरले की लिहिणाऱ्यावर विश्वास बसतो.

लिहून झाल्यावर हा मजकूर सोबत काम केलेल्या एका विद्यार्थ्याला वाचायला द्या आणि त्याला एकच विचारा: यात काय सुटले आहे? आपल्या चांगल्या गोष्टी आपल्याला इतक्या सहज वाटतात की त्या लिहायच्या राहून जातात.

पुढचे ठरवताना

चौथ्या बैठकीत आखणी करायची. 'पुढच्या दहा वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता' हा प्रश्न मुलाखतींत विचारला जातो म्हणून अनेक जण आखणीची सुरुवातही तिथूनच करतात. मी तसे करू नका असे सांगेन. जॉर्डी क्वाडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १८ ते ६८ वयोगटातील १९,००० हून अधिक लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व वयांच्या लोकांनी, मागच्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही, असा अंदाज दिला. आणि मोठ्या वयाच्या लोकांनी सांगितलेला बदल हा तरुणांनी वर्तवलेल्या बदलापेक्षा सातत्याने जास्त होता. पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना आपल्याला काय व्हायचे होते ते आठवा, म्हणजे हे पटेल. आखणी सहा महिन्यांची, फार तर वर्षाची करा, आणि त्यापुढचे फक्त दिशा म्हणून लिहा.

समोर असलेल्या प्रत्येक वाटेला एक प्रश्न समजा. पुढील शिक्षण घ्यायचे असेल तर, त्या अभ्यासक्रमातले काम मला रोज करायला आवडेल का, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माहितीपुस्तिकेत मिळत नाही. तिथे सध्या शिकणाऱ्या एखाद्याला गाठा आणि 'अभ्यासक्रम कसा आहे' असे मोघम न विचारता 'मागचा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला' असे विचारा. नोकरी करणाऱ्यालाही हेच विचारा. एका मंगळवाराच्या तपशिलातून क्रियापदे बाहेर पडतात, ती तुमच्या यादीशी ताडून पाहता येतात. नोकरीची धास्ती वाटते म्हणून पुढचे शिक्षण निवडले जात असेल, तर ते स्वतःशी मान्य करा. त्यासाठी निवड रद्द करावी लागत नाही, पण त्या दोन वर्षांत धास्ती कमी करणारे काय शिकायचे ते मात्र ठरवावे लागते. वर्षभर थांबायचे असेल तर थांबण्यालाही एक ठरलेले काम आणि एक शेवटची तारीख द्या.

पैशांचा हिशेब याच बैठकीत मांडा. उत्पन्नाशिवाय किती महिने निभावेल, शैक्षणिक कर्ज असेल तर त्याची परतफेड कोणत्या महिन्यात सुरू होते, घरी किती द्यावे लागेल, हे आकडे समोर असले की काही वाटा आज शक्य नाहीत हे कळते. त्या खोडून न टाकता 'दीड वर्षानंतर पाहू' अशा शीर्षकाखाली लिहून ठेवा.

वेळेचा अंदाज बांधताना आपल्या इच्छेला विचारू नका, मागच्या अनुभवाला विचारा. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात मानसशास्त्राच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. सगळे काही बिघडले तर किती दिवस लागतील, असेही त्यांना विचारले होते आणि तो अंदाजसुद्धा ४८.६ दिवसांचाच होता. म्हणून प्रवेशअर्ज, प्रवेशपरीक्षेची तयारी किंवा कामांचे नमुने एकत्र करणे यांपैकी काहीही ठरवताना, गेल्या वर्षी याच प्रकारच्या कामाला मला खरोखर किती दिवस लागले ते वहीत पाहा आणि तोच आकडा धरा.

'रोज अर्ज करीन' असे लिहिलेले संकल्प आठवड्यात विरतात. पीटर गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक लहानसे लेखन करून पाठवायचे होते. ते कधी आणि कुठे बसून करणार हे ज्यांनी आधी नेमके ठरवले होते त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत केले. ज्यांनी ठरवले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश जणांनीच केले. तेव्हा आखणीतली प्रत्येक ओळ 'शनिवारी सकाळी आठ वाजता, ग्रंथालयात, दोन अर्ज' अशी लिहा.

ओळखीचा उपयोग करायला संकोच वाटतो, विशेषतः ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे त्यांना तो फार वाटतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेली माहिती या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारले की, ज्याच्याकडून नोकरी कळली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारे होते केवळ १६.७ टक्के, बाकी सर्व अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला वरच्या वर्गातला मुलगा, एकदाच व्याख्यानाला आलेले पाहुणे, सुटीतल्या कामावरच्या पर्यवेक्षक बाई, अशा दहा जणांची नावे काढा आणि त्यांना चार ओळींचे पत्र लिहा. नोकरी मागू नका, त्यांच्या मंगळवाराविषयी विचारा.

घरच्यांशी बोलताना निर्णय जाहीर करण्याऐवजी हे कागद त्यांच्यासमोर ठेवा. आईवडिलांची काळजी बहुतेक वेळा पैसा, सुरक्षितता आणि 'हिने विचार केला आहे की नाही' या तीन गोष्टींची असते. सहा महिन्यांची आखणी, पैशांचा हिशेब आणि जमले नाही तर काय करायचे हे लिहिलेले पान पाहिल्यावर संभाषणाचा सूर बदलतो.

बाहेर पडण्यापूर्वी

काही कामे महाविद्यालय सोडल्यावर फार अवघड होतात. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम जपून ठेवा, कारण पुढे दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना विषयांची समकक्षता ठरवण्यासाठी तो मागितला जाऊ शकतो. महाविद्यालयाने दिलेला ईमेल पत्ता बंद होण्याआधी त्यातले महत्त्वाचे हलवा आणि अर्जांत स्वतःचा कायमचा पत्ता द्या. प्रकल्पातील माहिती पुढे वापरायची असेल तर मार्गदर्शकांची लेखी परवानगी घ्या. शिफारसपत्र हवे असेल तर निदान तीन आठवडे आधी विचारा आणि सोबत एका पानावर तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या सत्रात काय शिकलात, कोणते काम केले, पत्र कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत हवे, ते लिहून द्या. शिक्षकांना विद्यार्थी आठवतो, पण त्याने तिसऱ्या सत्रात नेमके काय केले ते आठवेलच असे नाही, आणि तपशील नसलेले शिफारसपत्र कितीही प्रेमाने लिहिले तरी फिके पडते.

सिंहावलोकनाची दोन पाने आणि आखणीचे एक पान यांवर तारीख घालून ती पाकिटात ठेवा आणि पाकिटावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. त्या दिवशी वाचताना मूळ मजकूर खोडू नका. जे बदलले असेल ते वेगळ्या शाईने शेजारी लिहा.

ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी पुढे एका औषधनिर्मिती प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीच्या कामावर लागली, आणि वर्षभराने भेटायला आली तेव्हा तिने आपली पाने सोबत आणली होती. 'चूक सापडेपर्यंत मी थांबते' या ओळीला तिने हात लावलेला नव्हता. 'ठरल्या वेळेत पक्के लिहून देणे जमत नाही' या ओळीशेजारी निळ्या शाईत लिहिले होते, 'रोज साडेचारला काम थांबवून आधी नोंदवही पूर्ण करते. अजून मंगळवारी राहते.'